ओल्या हातांनी

सन्माननीय अध्यक्ष शैलेंद्रजी, व्यासपीठावर संकोचून बसलेले आमच्या बोटीचे कप्तान डोनल, आणि आयर्लंडच्या या गॉलवे परिसरातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

निरोपाच्या या सत्काराला उत्तर थोडक्यात देते. नाहीतर चहा निवेल आणि माझी लेक वृंदा डोळे वटारेल.

मी अलिबागहून कशाला आले होते, हे इथे कुणापासून लपलंय? लेकीला परत न्यायला! "हिला घेतल्याशिवाय येत नाही," असं हिच्या बाबांना ऐटीत सांगून निघाले, आणि अडकले की हो लॉकडाऊनमध्ये!

गेल्या वर्षीचा मे महिना. सॅमन माशांची पिल्लं नदीतून समुद्राकडे निघतात ते दिवस. वृंदाचं संशोधनाचं काम म्हणजे खाडीच्या तोंडाशी बोटीमागून जाळं ओढायचं, सापडलेली पिल्लं मोजायची आणि जिवंत सोडायची. मदतनीस हवा तर आपल्याच घरातला, असा तेव्हाचा नियम. घरात होतं कोण? मी!

अहो, मासे काय मला नवे? घरी मासळी निसटू नये म्हणून आम्ही बोटांना राख लावतो. बोटीवर राख कुठली? मी आपले टॉवेलला हात खसाखसा पुसले आणि पहिलंच पिल्लू घट्ट धरलं. चंदेरी खवले तळहाताला चिकटले! वृंदा ओरडली, "आई, ओल्या हातांनी धर! आवळू नकोस. खवले गेले तर खाऱ्या पाण्यात जगायचं नाही ते!" तिकडे लांब सुकाणूपाशी डोनल आपले म्हणताहेत, "ग्रँड, ग्रँड!" म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे, चालायचंच!' कसलं मेलं ग्रँड? मला रडू फुटलं.

मग शिकले. हात बादलीत बुडवायचे, पिल्लू ओंजळीत घ्यायचं, मापायचं, सोडायचं. काय दिवस होते हो ते! वारा कान कापायचा, आणि माझी लेक भर पावसात गात असायची. अलिबागला तिला असं गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. एकदा विचारलं, "ही सगळी परत येतात का गं?"

"थोडीच येतात, आई."

त्यानंतर परत चलण्याचा विषय मी काढला नाही. विमानं सुरू झाली, तरी पाय मात्र निघेना.

उद्या एकटीच निघतेय. हिच्या बाबांना काय सांगायचं, ते विमानात ठरवीन. आपण सर्वांनी मला इथे माहेरपण दिलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, आणि माझ्या पोरीकडे लक्ष असू द्या.

वृंदा, विमानतळावर तुला जवळ घेईन, पण आवळणार नाही. हात ओलेच असतील बघ, सारखे डोळे पुसून.