ऊन बाजूनं पाहिजे

बळीराम : नंबराचाच फोटो काहून काढून राहिल्या, बाई?

उत्तरा : नंबराचा नाही, गाडीचा. कॅमेरा नवा आहे, शिकते आहे.

बळीराम : शिकाले साऱ्या सदर बाजारामंधी हेच अॅम्बेसेडर भेटली? तिकडं टाकीजसमोर चकाचक गाड्या उभ्या रायतात. हे तं गॅरेजच्या मागं रंगवाले टाकली आहे.

उत्तरा : तिथं गर्दी असते. गाडी तुमची का?

बळीराम : माही कुठून? मी डायवर, बळीराम. मालक म्हणे, बसून राय, कोणाले जवळ येऊ देऊ नको.

उत्तरा : मी कुठं हात लावते आहे?

बळीराम : कॅमेरा कोणाचा?

उत्तरा : मैत्रिणीचा.

बळीराम : आत्ता तं नवा म्हणत होत्या.

उत्तरा : मला नवाच आहे.

बळीराम : हं. सूर्याकडं तोंड करून काढसान तं गाडी काळी ठिक्कर येईन. सूर्य पाठीमागं घ्या. आन् वाका जराशा. उभ्यानं काढला का गाडी दबल्यावानी दिसते. डोळा हेडलाइटच्या उंचीवर पाहिजे.

उत्तरा : तुम्हाला बरंच ठाऊक आहे.

बळीराम : दर दसऱ्याले मालक फोटोवाल्याले बोलावते. तो सांगते तशी गाडी मागंपुढं मीच करतो ना. बाई, तुम्ही पोलिसातल्या आहा का?

उत्तरा : पोलिसातली असते तर अशी लपून आले असते?

बळीराम : म्हणजे लपून आल्या.

उत्तरा : तुम्ही कशाला घाबरता? गाडीनं काही केलंय का?

बळीराम : बैलाची धडक बसली. मालक म्हणते.

उत्तरा : मालक म्हणतात. तुम्ही नाही म्हणत.

बळीराम : कोण आहा तुम्ही?

उत्तरा : कन्हानच्या पुलाजवळ ज्यांना उडवलं, त्या गणपतरावांची मुलगी. बाबा सायकलवर होते. दवाखान्यात पडून आहेत, मांडीचं हाड मोडलंय. शुद्धीवर आल्यावर नंबर त्यांनीच सांगितला. चौकीवर म्हणतात, नुसत्या बोलण्यावर काय करायचं, गाडीला मार लागलेला दाखवा. आणि इथं तुम्ही ती रंगवून घेताय.

बळीराम : मी नाही घेऊन राहिलो.

उत्तरा : चालवत तर तुम्हीच होतात.

बळीराम : त्या दिवशी मी गावाले, कुहीले होतो, धान कापाले. गाडी मालकाच्या पोरानं काढली.

उत्तरा : हे मी खरं कसं मानू?

बळीराम : नका मानू. मालकबी म्हणे, तुह्यावर कोण विश्वास ठेवते? वेळ आली तं तूच चालवत होता म्हणून सांग. पोराचं लग्न जमलं आहे ना.

उत्तरा : मग तुम्ही काय म्हणालात?

बळीराम : काय म्हणू? त्याहिच्याच कंपाउंडमंधी रायतो आम्ही, बायकापोरं घेऊन.

उत्तरा : मग आता तरी बाजूला व्हा. काढू द्या मला.

बळीराम : थांबा. असा काढून काई उपयोग नाही.

उत्तरा : का? तुम्ही म्हणालात तसा सूर्य पाठीमागं घेतलाय.

बळीराम : ते गाडी चांगली दिसाले. तुमाले तं मार दाखवाचा आहे. समोरून ऊन पडलं का पत्रा सपाट दिसते. त्यात काळी गाडी म्हणजे आरसा. पाहा, खड्ड्यावर तुमचीच साडी दिसून राहिली. ऊन बाजूनं पाहिजे, म्हणजे खड्ड्यात सावली पडते.

उत्तरा : ऊन फिरेपर्यंत रंगवाला येईल.

बळीराम : ओमप्रकाश जेवून येतच असन.

उत्तरा : मग?

बळीराम : मंग काय. गाडी फिरवा लागन.

उत्तरा : आणि फिरवतो म्हणून घेऊन गेलात तर?

बळीराम : नंबर तं आहे तुमच्यापाशी. सरका.

(तो गाडी सुरू करतो, मैदानात आडवी लावतो आणि उतरतो.)

बळीराम : आता पाहा.

उत्तरा : दिसतोय. किती आत गेलाय पत्रा. बाबांच्या सायकलचं हँडल घासलेलंसुद्धा दिसतंय.

बळीराम : जवळ नका जाऊ. या डब्बा कॅमेऱ्यात जवळचं धुरकट येते. तिरपं उभ्या राहा. नंबर आन् मार एकाच फोटोत येऊ द्या, नाही तं म्हणतीन दुसरीच गाडी आहे. हात नका हालू देऊ.

उत्तरा : मग धरू कसा?

बळीराम : कोपर पोटाशी दाबून धरा. हं. आता श्वास रोका आन् दाबा.

उत्तरा : झाला.

बळीराम : आनखी एक घ्या. एकाच्या भरवशावर राहू नका.

उत्तरा : हाही झाला. बळीरामभाऊ, मातीत चाकांच्या खुणा उमटल्यात. मालक विचारतील.

बळीराम : विचारू द्या.

उत्तरा : घर सोडायला लावतील.

बळीराम : लावतीन. बायकोले आधी सांगा लागन. तुम्ही निघा, ओमप्रकाशची सायकल वाजून राहिली.

उत्तरा : चौकीवर विचारलं, फोटोसाठी गाडी कोणी फिरवली, तर तुमचं नाव घेऊ?

बळीराम : घ्या ना. म्हणा, आज बळीरामनं चालवली. त्या दिवशी नाही.