नाव घेतलं की उठतो

(पालीच्या वरच्या अंगाची धनगरवाडी. दिवस कलतीला लागलेला. सासू सगुणाबाई लोकर पिंजतेय, सून भामा दारात उभी. उंबऱ्यापाशी काजळ्या कुत्रा.)

भामा : मग आज पुन्यांदा भिजला कसा, आत्याबाई?

सगुणाबाई : कुत्र्याची जात. ऊन लागलं, बसला आसंल पान्यात.

भामा : काजळ्या? पान्याचा थेंब खपत न्हाई त्याला. पायाला बघा, खालच्या डोहाचा गाळ हाय.

सगुणाबाई : तू दळायला बस आदी. उद्या तुजा भाऊ यायचाय.

भामा : चिमाजीदादा भाकरी खायाला येत न्हाई. माजा पाट लावायचं ठरवून येतोय. मार्गासनीचा बिजवर हाय. दादा म्हनतो, आखाडात गेलेला मानूस शिमगा आला तरी न्हाई, आता कुठवर थांबायचं?

सगुणाबाई : माजा लेक मुंबईला गिरनीत हाय. शिवऱ्याच्या गड्यानं मार्गासनीला मोटारीत चढताना बघितलाय.

भामा : पाठमोरा बघितला. खांद्यावर घोंगडी व्हती म्हनून ह्येच म्हनला. घोंगडी कुनाच्या खांद्यावर न्हाई आपल्यात? पुरात कोकरू आनायला गेलेला मानूस मुंबईला कशाला जाईल?

सगुणाबाई : जीभ लई चालती आज.

भामा : काजळ्याला समद्यांची नावं कळत्यात. 'हरिबाला आन' म्हनलं की शेजारच्या हरिबाचं धोतर वडत आनतो. आनला की भाकरीचा कुटका. ह्यांनीच शिकवलं त्याला.

सगुणाबाई : मला सांगतीस व्हय, माज्याच घरचं कुत्रं?

भामा : मग डोहावर त्याला धाडतंय कोन? मला नवऱ्याचं नाव घेता येत न्हाई. वाडीतली मान्सं काजळ्याच्या म्होरं नुसतं 'त्यो' म्हनत्यात, नाव घेतलं की उठतो म्हनून. नाव घेनाऱ्या तुमी एकट्याच ऱ्हायला.

सगुणाबाई : मेंढरं वरडत्यात बघ.

भामा : म्या रानात गेले की तुमी सांगता त्याला. व्हय का न्हाई?

सगुणाबाई : सांगती.

भामा : अन् त्यो डोहावर जातो.

सगुणाबाई : एक दिस तरी मार्गासनीच्या वाटंला वळंल म्हनून सांगती. नुसता वळला आसता, तरी मुंबईपतूर चालत गेले आसते त्याच्यामागं.

भामा : वळला कधी?

सगुणाबाई : न्हाई. खालीच उतरतो. परततो तवा मागं बघत बघत येतो, कुनी संगट आसल्यावानी. दारात आला की बाजूला सरतो, वाट देतो.

भामा : म्हनून तुमी उंबऱ्यात तांब्या ठेवता.

सगुणाबाई : भायेरनं आलेल्याला पाय धुवायला पानी नगं?

भामा : सकाळी तांब्या रिकामा आसतो, आत्याबाई.

सगुणाबाई : काजळ्या पीत आसंल.

भामा : एवढं तोंड तांब्यात जातंय व्हय त्याचं? मला लई भ्या वाटतं.

सगुणाबाई : घरच्या मान्साचं कसलं भ्या?

भामा : मला पाटाची हौस न्हाई. पन दादाला काय सांगू? धनी जित्ता आसंल तर पाट लावनं पाप, नसंल तर ह्ये कुंकू खोटं. मी कोन हाय, तेवढं मला कळू द्या. माज्या देखत सांगा त्याला.

सगुणाबाई : न्हाई सांगायची. तुज्या देखत गेला म्हंजी खरं हुईल.

भामा : मग म्या सांगते.

सगुणाबाई : नवऱ्याचं नाव घेतीस? आयुष्य घटतं त्याचं.

भामा : आसंल तर घटंल.

सगुणाबाई : भामे, नगं.

भामा : काजळ्या, ऊठ. कुंडलिकाला आन.

सगुणाबाई : म्या न्हाई बघत. तू सांग. कंच्या वाटंनं गेला?

भामा : खाली.

सगुणाबाई : कुठं थांबला न्हाई?

भामा : न्हाई, आत्याबाई.

सगुणाबाई : आडात पडलेली घागर काढायचा गळ हरिबाकडं हाय. उद्या तुजा भाऊ आला की दोघांस्नी म्हनावं, डोहात टाका. पानी वसरलंय आता.

भामा : व्हय.

सगुणाबाई : अन् भाकरीचा कुटका काढून ठेव. इतक्या दिसांत म्या त्याला एकदा बी दिला न्हाई, मोकळाच आला म्हनून.

भामा : आज दिऊ?

सगुणाबाई : दे. रोज आनत व्हता की त्यो.