फाटकावरचा स्टिकर

कोरियातल्या सोलजवळच्या फोन कंपनीच्या फाटकावर सकाळची रांग लागली होती. आतले फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून पहारेकरी ब्योनकाका प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावत होते. रांगेत सगळ्यात पुढे कंपनीतले अधिकारी प्योसाहेब होते आणि त्यांच्या मागे ह्वायोंग उभी होती. नव्या मॉडेलचा कॅमेरा तिनेच केला होता.

"आटपा काका, आज नव्या मॉडेलची घोषणा आहे."

"नवीन काय आहे त्यात, साहेब?"

"सगळंच! चिनी कंपन्या बघत राहतील."

"परवा सुटे भाग विकणारे चिनी पाहुणे आले होते. त्यांच्याकडे तिकडचा फोन, तीन घड्यांचा. त्याला स्टिकर कापता कापता माझा अर्धा तास गेला."

"नुसते तमाशे हो! खरं संशोधन आपल्याकडेच होतं."

"होत असेल. हा तुमचा नवाच ना?"

"मग! अजून बाहेर कुणी पाहिलासुद्धा नाही."

काकांनी मान वर न करता खोक्यातला एक स्टिकर काढून दाबला. तो चपखल बसला.

"अरे वा! आधीच मापाने कापून ठेवलात?"

"तीन वर्षांपूर्वीच्या मापाने कापलेत, साहेब. अजून तेच माप चालतं."

साहेब आत गेले.

"या ताई. तुमचाही नवाच ना?"

ह्वायोंगने फोन पुढे केला. काकांच्या बोटावर स्टिकर तयारच होता.