गुंता सुटेपर्यंत

वकीलबाई : तुम्ही केसांना रंग लावा ताई, मी मान हलवत नाही. पण मला एवढंच सांगा, राक्षसिणीचं मुंडकं उडवायचंच नव्हतं, तर त्या राजपुत्राने तलवार घेतली कशाला? भाजी चिरायला?

आई : मान हलली.

वकीलबाई : हलणारच! तिसरीत होते तेव्हापासून पाठ आहे मला काजळवनाची गोष्ट. राजपुत्र विहिरीत उतरतो, तीन घाव घालतो, तिसऱ्या घावाला शीर धडावेगळं. आणि काल टीव्हीवर काय दाखवलं? तुम्ही बघितलंत ना?

आई : कुठलं हो! दोन नवऱ्या सजवून आले, सोफ्यावर टेकले ती सकाळीच उठले. काय दाखवलं?

वकीलबाई : तलवार ठेवली बाजूला आणि कमरेचा कंगवा काढला.

आई : कंगवा?

वकीलबाई : लाकडी कंगवा! बसला तिच्या मागे मांडी घालून आणि लागला तिच्या केसांचा गुंता सोडवायला. अख्खा भाग तेवढंच!

आई : कुठून सुरुवात केली त्याने? मुळाकडून की टोकाकडून?

वकीलबाई : आता हा काय प्रश्न झाला? टोकाकडून. बट मुठीत घट्ट धरत होता, वर ओढ बसू नये म्हणून. अहो ताई, कानाला रंग लागला!

आई : अगंबाई! पुसते, पुसते. आणि ती काय म्हणाली? राक्षसीण?

वकीलबाई : ती म्हणाली, फार जुना गुंता आहे. तर हा म्हणतो, असू दे, मला घाई नाही.

आई : म्हणाला असं? अगदी असंच?

वकीलबाई : असंच. आज कोर्टात दोन तट पडलेत. एक म्हणतो वाटोळं केलं गोष्टीचं, दुसरा म्हणतो इतकं सुंदर कधी पाहिलं नाही. आमचा शिपाई तर सांगताना डोळे पुसत होता. आणि सासूबाई! म्हणतात, राक्षसीण झाली म्हणून तिला काय डोकं दुखत नाही? लग्न झाल्यापासून माझ्या बाजूने ब्र काढला नाही बाईंनी, पण राक्षसिणीची वकिली चालू! तुम्ही हसताय काय? ज्याने कुणी हे लिहिलंय ना, त्याला एकदा माझ्यासमोर पिंजऱ्यात उभा करा.

आई : उभी करा म्हणा. दार वाजलं बघा. आलीच ती.

लेक : आई, पुस्तक कुठे आहे? काजळवनाचं. माळ्यावर, पेटीत, कुठेही असू दे, मला आत्ताच्या आत्ता हवंय.

आई : आधी पाणी पी. ह्या वकीलबाई. वकीलबाई, ही माझी लेक. मालिका लिहिते.

वकीलबाई : मालिका म्हणजे... ही मालिका?

लेक : हो काकू. म्हणजे उद्यापर्यंत तरी. आई, मी तिथे सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं की कंगव्याचा प्रसंग मूळ गोष्टीतलाच आहे. आणि काल रात्री कुणीतरी पुस्तकातल्या शेवटच्या पानाचा फोटो टाकला. त्यात मुंडकं उडतंय! हजारो लोक मला खोटारडी म्हणतायत. दिग्दर्शक म्हणाले, तुझ्याकडे दुसरी आवृत्ती असेल तर दाखव. नाहीतर प्रसंग कापणार आणि शेवटचा भाग दुसऱ्याकडून लिहून घेणार, मुंडक्यासकट.

आई : कोण मेला फोटो टाकायला बसला होता?

लेक : कुणीतरी ‘न्यायप्रिय’ म्हणून आहे.

वकीलबाई : अं... मेला नाही. मेली. मीच ती.

आई : वकीलबाई!

वकीलबाई : मला काय स्वप्न पडलं होतं, तुमची लेक आहे म्हणून?

लेक : जाऊ दे ना. दुसरी आवृत्ती दाखवली की प्रश्नच मिटला. आई, बोल ना. पुस्तक कुठे ठेवलंयस?

आई : पुस्तक तुझ्या मामाचं होतं. त्याने परत नेलं.

लेक : मग मामाला फोन लावते.

आई : नको लावूस. त्यातही मुंडकंच उडतं.

लेक : म्हणजे?

आई : म्हणजे काय, म्हणजे कंगवा माझा! पहिल्यांदा खरं वाचून दाखवलं, तर तू स्वतःचीच मान धरून भोकाड पसरलंस. आणि तुझे केस म्हणजे सुगरणीचं घरटं. कंगवा दिसला की तू पलंगाखाली. म्हटलं, राजपुत्रालाच कंगवा देऊ, बसेल तरी कार्टी. जेवढा गुंता, तेवढी गोष्ट लांबवायची. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची, पण तुला म्हणायचे, मला घाई नाही.

लेक : आई गं! मी पैज लावली होती तिथे!

आई : मला काय ठाऊक, तू टीव्हीवर नेशील म्हणून? विचारायचंस तरी!

लेक : काय विचारायचं? आई, ती गोष्ट खरी का, असं? मला वाटायचं सगळ्यांच्याच आया हीच सांगतात!

वकीलबाई : मी एक बोलू?

आई : तुम्ही आता गप्प बसा. कपाळावर ओघळ येतोय.

वकीलबाई : येऊ दे. मुली, लहानपणी ते तुटलेलं मुंडकं मला स्वप्नात दिसायचं. कॉलेजात जाईपर्यंत दिवा लावून झोपायचे. काल तो ‘मला घाई नाही’ म्हणाला आणि मी हुंदके देऊन रडले, सासूबाईंच्या शेजारी बसून! त्याचाच तर राग आला मला. एवढी वर्षं उगाच घाबरले की काय मी? म्हणून पुस्तक काढलं, म्हणून फोटो टाकला. आता माझा सल्ला ऐक. फुकट देतेय, रोज देत नाही. आवृत्ती शोधू नकोस. खरं काय ते सांगून टाक.

लेक : आणि त्यांनी काढून टाकलं तर?

आई : तर इथे ये. केर काढायला माणूस हवंच आहे मला. लाव फोन.

लेक : लावते... हॅलो, सर. नाही, पुस्तक नाही मिळालं. तसं पुस्तकच नाही. तो प्रसंग माझ्या आईने रचलाय. हो, आईने. नाही सर, लेखिका नाही, पार्लर आहे तिचं. चूक माझी, मी तपासलं नाही... काय? आणखी कोण रडलं? तुमचे वडील?... खरंच?... हो, सांगते. आजच सांगते. ठेवते सर.

आई : काय म्हणाला?

लेक : प्रसंग राहतोय! म्हणाले, जाहीर सांगून टाकू, कंगवा लेखिकेच्या आईचा. पण मग शेवट काय, तो संध्याकाळपर्यंत हवाय.

वकीलबाई : सांगा ताई, शेवट काय?

आई : शेवट कसला? गुंता सुटला की मी वेणी घालायचे आणि ही खेळायला पळायची. शेवटापर्यंत कधी थांबली आहे का?

लेक : आता थांबलेय. सांग. शेवटची बट सुटली. पुढे?

आई : पुढे... राक्षसिणीने केसांतून हात फिरवला. कुठे अडकला नाही. मग ती वळली आणि म्हणाली, राजपुत्रा, आता तू बस माझ्या पुढ्यात. तुझे कोण विंचरतं?

वकीलबाई : अगं बाई. आणि तो?

आई : तो म्हणाला, माझं राहू दे. माझी अजून दोन गिऱ्हाइकं यायचीत.

लेक : कुणाची गिऱ्हाइकं, आई?

आई : राजपुत्राची. म्हणजे... बघ, बोलता बोलता काय बोलले मी. तू लिही बाई नीट काहीतरी.

लेक : लिहिते. आधी तू त्या खुर्चीत बस.

आई : काहीतरीच! वकीलबाईंचं डोकं धुवायचंय.

वकीलबाई : माझं डोकं कुठे पळून चाललंय? बसा म्हणते ना. रंग जास्त चढला तर सासूबाई बोलतील, त्यात नवीन काय?

(लेक आईच्या अंबाड्याच्या पिना एकेक काढून टेबलावर ठेवते.)

आई : हळू गं. मानेपाशी फार जुना गुंता आहे.

लेक : असू दे. मला घाई नाही.