बारा लेसर आणि ताईंची सही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त आपण सारे जमलो त्या आपल्या ताई, त्यांचे यजमान आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

विभागप्रमुख या नात्याने मी चार गोड शब्द बोलावेत, अशी आयोजकांची इच्छा आहे. बघू, कितपत जमतंय ते.

ताईंच्या यजमानांची जुनी तक्रार आहे, की ही इतकी वर्षं इथे नेमकं करते काय, ते त्यांना अजून कळलेलं नाही. तर साहेब, ऐका. केसाएवढ्या काचेच्या तारेतून नव्वदेक रंगांचा प्रकाश एकाच वेळी धावतो. डोळ्यांना न दिसणारे रंग, आणि प्रत्येकावर वेगळ्या लोकांचं बोलणं. आपला लेसर सांगू तो रंग देतो. पण किती वीज नि किती तापमान दिलं की कोणता रंग मिळेल, हे प्रत्येक लेसरचं वेगळं. सख्ख्या बहिणी तरी कुठे सारख्या वागतात? म्हणून प्रत्येक लेसर मोजायचा, त्याचा स्वतंत्र तक्ता करायचा आणि खाली ताईंची सही घ्यायची.

चौदा वर्षांपूर्वी मी नवीन होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. बारा लेसर आले. एक मोजायला अर्धा दिवस लागायचा. मी एकच मोजला आणि त्याचा तक्ता उरलेल्या अकरांनाही चिकटवून दिला.

"सगळे मोजलेस ना?"

"हो, ताई."

त्यांनी विश्वासाने सह्या केल्या.

पुढे काय व्हायचं ते झालं. एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या रंगात घुसला, दोन गावांचे फोन दिवसभर बंद पडले, चौकशी बसली. चौकशीच्या खोलीच्या दारापाशी ताईंनी मला गाठलं.

"खरं सांग, किती मोजलेस?"

"एक."

"पुन्हा असं करू नकोस," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन सांगितलं, "सही माझी आहे, चूकही माझी."

विभागप्रमुखपद त्यांच्या अगदी हातातोंडाशी आलं होतं. ते गेलं. चार वर्षांपूर्वी तेच पद मला मिळालं, तेव्हा अभिनंदनाचा पहिला फोन ताईंचा. तेव्हाही मी नुसते आभार मानून फोन ठेवला. मला स्वतःची लाज वाटते.

अध्यक्ष महोदय, ताईंच्या सेवापुस्तकात ती चूक आजही त्यांच्या नावावर आहे. ती माझ्या नावावर लिहावी, असा अर्ज मी सकाळी आपल्या टेबलावर ठेवला आहे. ताईंना विचारलं नाही. त्या नकोच म्हणाल्या असत्या. माझ्या पदाचं काय करायचं, ते आपण ठरवावं.

आयोजकांचे आणि आपण शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपल्या सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं.

ताई, तुम्ही मात्र चौदा वर्षं पोटात घातलंत. आता बास.