मुखवटा वाळेपर्यंत

—उठू नकोस, मानेस, बस तू. तुझा मालक मोस्खोस आत खळ शिजवतोय ना? मला घाई नाही. आणि तू तरी काय बोलणार — तोंडभर ओलं कापड थापलेलं, अंगाला चादर गुंडाळलेली — वाळायच्या आत ओठ हलला की मुखवटा वाया. अथेन्सच्या नाटकांतले सगळे राजे तुझ्यासारख्या गुलामाच्या थोबाडावर घडतात, मजाच आहे.

हा कुणाचा? भोळ्या राजाचा? म्हणजे आमच्या मुख्य नटाचा, तिमांद्रोसचा. वा! हा कायम सज्जन आणि मी कायम लबाड — कपटी दूत मी, कपटी भाऊ मी, म्हातारी कपटी दाईसुद्धा मीच. मासेवाली म्हणते, तो दगाबाज तूच ना. आणि बक्षीस? ते मुख्य नटालाच. दुसऱ्या नटाचं नावसुद्धा स्पर्धेचे पंच विचारत नाहीत. पण त्याला रडवतो कोण? मी. ‘राजा, तुझा मुलगा बुडाला’ — मी खोटंच सांगतो, आणि हा बैल तालमीत रोज रडतो. माहीत असून रडतो. असल्याला नट म्हणायचं?

उद्या उत्सवात बघ. त्याच्या प्रवेशाआधी, मागच्या राहुटीत, मी कानात सांगणार — तुझा खरा मुलगा, सामोस बेटावर गेलेला, त्याचं जहाज बुडालं. बस. बाहेर जाऊन काय बोलेल तो? मग त्याची भाषणं मीच सावरून नेईन — पाठ आहेत मला सगळी — आणि पंचांना कळेल नट कोण ते.

मान हलवू नकोस, तडा जाईल. पाप कसलं त्यात? संध्याकाळी सांगेन की, पोरगा जिवंत आहे म्हणून. मिठी मारेल मला. मारेलच — माझा पोरगा गेला तेव्हा हाच माझ्या दारात बसून होता, अन्नाला शिवला नाही. मी बोलावलं होतं? तेच डोक्यात जातं माझ्या. दुसऱ्यांच्या मेलेल्या पोरांवर चांगुलपणा मिरवतात लेकाचे.

आलास, मोस्खोस? झाला का माझा दगाबाज? — काय? मानेस बंदरावर गेलाय? सकाळपासून? मग हा कोण — ‘या वेळी माझ्याच चेहऱ्यावर घडव’ असं तुला कोण म्हणालं? तिमांद्रोस?

थांब, मोस्खोस. तो मुखवटा इतक्यात काढू नकोस.