वजा दोन इंच

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या प्लॅट बेंड कॉलेजच्या प्रमुख डॉ. एलिनॉर वीब, व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरण्याचं काम करणारे आजचे प्रमुख पाहुणे श्री. रॉय डेंकर, सत्कारमूर्ती कोच लेलंड सोबोटका, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आजी-माजी खेळाडू, त्यांचे आईवडील आणि रविवारची दुपार मोडून इथे आलेले गावकरी,

सर्वांना माझा नमस्कार. मी बर्नाडीन कुडर्ना. एकतीस वर्षं या कॉलेजच्या फुटबॉल संघाची हेल्मेटं, खांद्याची कवचं आणि घामेजलेल्या जर्सी माझ्या ताब्यात आहेत. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'दोन शब्द' असं छापलंय. दोन शब्दांत भागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कोचबद्दल चांगलं सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी बोलून टाकलंय. ते प्रेमळ आहेत, शिस्तीचे आहेत, चौतीस वर्षांत एकही सराव चुकवला नाही. सगळं खरं आहे. पण गेले सहा आठवडे मी या माणसाशी बोललेले नाही, हेही खरं आहे. डॉ. वीब, आपण घड्याळाकडे बघताय, मी बघितलं. थोडा वेळ द्या.

आपल्याकडे नऊशे मुलं शिकतात. मोठ्या विद्यापीठांच्या संघाला तीन डॉक्टर, दोन स्वयंपाकी आणि स्वतःचं विमान असतं. आमच्या पोरांना बस असते, आणि बसमध्ये मी केलेले रुंझा, म्हणजे खिमा-कोबी भरलेले पाव असतात, ते निम्मे थंड झालेले. तरी दरवर्षी आमच्यातला एखादा पोरगा असा निघतो की धुलाई सोडून मी मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहते. वाटतं, हा व्यावसायिक संघात खेळेल. आणि दरवर्षी त्याला कोणी बघायलासुद्धा येत नाही. का येत नाही? तेच सांगायला मी उभी आहे.

खेळाडूंची माहितीपुस्तिका सगळी कॉलेजं छापतात. नाव, गाव, उंची, वजन. आता या सभागृहात बसलेल्या प्रत्येक खेळाडूला ठाऊक आहे की पुस्तिकेतली उंची खोटी असते. सगळीकडे दोन इंच वाढवून छापतात. हेरणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं, म्हणून ते मनातल्या मनात दोन इंच वजा करतात. सगळे खोटं बोलतात, सगळे ते ओळखतात, आणि सगळ्यांचं छान चालतं. चालत नाही ते फक्त एका माणसाचं. कोच सोबोटकांचं. ते पोरांना मोजे काढायला लावून भिंतीला उभं करतात आणि भरेल तेवढंच छापतात.

नऊ वर्षांपूर्वी कर्ट पेटस्का आमचा सेंटर होता, म्हणजे रांगेच्या मधोमध वाकून चेंडू मागे देणारा. तो मागे बसलाय, खिमा-राजम्याची चिली चार वाट्या संपवून. कर्ट, हात वर कर. उंची सहा फूट एक इंच, छातीठोक. कोचची खोली माझ्या धुलाईखोलीच्या मागे, मधली भिंत कागदासारखी. स्पीकरवर टाकलेल्या फोनवर डेंकरसाहेब होते. होय साहेब, आपणच.

साहेबांनी विचारलं, "कोच, सहा एक म्हणजे खरे किती?"

"सहा एक."

"हो हो, समजलं. म्हणजे पाच अकरा. नाही जमणार हो."

आणि फोन ठेवला. कर्ट आज पवनचक्क्यांवर चढून त्यांची दुरुस्ती करतो. इथल्या कोणाहीपेक्षा उंच जातो. तो हसतोय, पण मला तेव्हाही हसू आलं नव्हतं आणि आजही येत नाही.

यंदा आमच्याकडे आहे मार्कीस टॉलिव्हर. ओमाहाचा पोरगा, कॉर्नरबॅक. म्हणजे समोरच्या धिप्पाड गड्याच्या हातात पडणारा चेंडू हवेतच थोपवणारा. सकाळी धान्याच्या कोठारावर हमाली करतो, दुपारी वर्गात, संध्याकाळी मैदानावर. हंगामात त्याने नऊ चेंडू पळवले. चाळीस यार्ड धावायला लागला की माझं घड्याळ दाबायचं राहून जातं. उंची पाच फूट दहा इंच. आणि डेंकरसाहेबांच्या संघाची कॉर्नरबॅकसाठी किमान उंची किती? पाच फूट दहा.

तर ऐका. पुस्तिका मी टाइप करते. ऑगस्टमध्ये मी मार्कीसच्या नावापुढे सहा फूट लिहिलं. कोचना विचारलं नाही. भरसभेत कबूल करते, मी लिहिलं आणि मला शांत झोप लागली.

ऑक्टोबरमध्ये चमत्कार झाला! डेंकरसाहेब स्वतः गाडी हाकत आले. सामना बघितला, आमची चिली खाल्ली, दालचिनीचा रोल खाल्ला, आणि मला म्हणाले, "बाई, पुस्तिकेत सहा आहे म्हणजे पोरगं पाच दहाचं असणार. आम्हाला चालतंय." वसंतात मोठ्या विद्यापीठात चाचणी असते, हेरणारे सगळे तिथे घड्याळं घेऊन बसतात. छोट्या कॉलेजच्या पोराला तिथे आत जायचं तर एखाद्या संघाने त्याचं नाव पाहुण्यांच्या यादीत घालावं लागतं. साहेब म्हणाले, घालतो. मार्कीसने आईला फोन केला आणि तीच बातमी तीनदा सांगितली. फोन मी घेतला. मग मीही तीच चौथ्यांदा सांगितली.

डिसेंबरात हंगामाचं दप्तर आवरताना कोचच्या हाती ती पुस्तिका लागली. कोणी दुसरा असता तर गप्प बसला असता. आमच्या कोचनी काय केलं? बत्तीसच्या बत्तीस व्यावसायिक संघांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली. 'आमच्या पुस्तिकेत चूक झाली आहे, टॉलिव्हरची उंची पाच फूट दहा इंच आहे, कळावे.'

जानेवारीत साहेबांच्या ऑफिसचं पत्र आलं. कळवलेली उंची पाच दहा, सबब प्रत्यक्ष उंची पाच आठ, सबब नाव यादीतून काढलं आहे.

अहो, पण आपण पोराला डोळ्यांनी पाहिलं होतं ना? त्याच्या शेजारी उभं राहून रोल खाल्लात ना? मी फोन करून विचारलं तर आपण म्हणालात, "बाई, माझ्या हातात नाही, ऑफिसातला संगणक आपोआप दोन इंच वजा करतो." वा! माणूस खोटं बोलला तर चालतं, खरं बोलला तर त्याची शिक्षा पोराला! संताप होतो हो. कितीदा गिळायचा?

मार्कीस ते पत्र घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मिस बर्नी, मी महिन्याभरात दोन इंच आटलो. तुम्ही मला गरम पाण्यात धुतलंत का?" पोरगं विनोद करत होतं आणि पत्राची घडी घालून घालून बोटाएवढी करत होतं.

मी तडक कोचच्या खोलीत गेले. म्हटलं, "अहो कोच, काय मिळालं तुम्हाला? पोराचं वाटोळं केलंत!"

"बर्नी, खाली बस."

"नाही बसणार. दोन इंच छापले असते तर तुमचं काय बिघडत होतं?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "माझं काही नाही बिघडत. पण पोरगं पाच दहाचं आहे. त्याच्या नावापुढे मी सहा लिहिलं, तर मीच त्याला सांगितलं ना, की बाबा, तू आहेस तेवढा पुरत नाहीस?"

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. म्हणून बोलणं सोडलं. भांडणात उत्तर सुचत नसलं की मी तेच करते, माझ्या नवऱ्याला विचारा.

आज सकाळी जर्सींच्या घड्या घालताना लक्षात आलं, मी चुकीच्या माणसावर रागावले होते. चौतीस वर्षांत हजारावर पोरांची उंची या माणसाने लिहिली आणि एकही आकडा खोटा नाही. आणि एकाही आकड्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. आता आपण त्यांना कॉलेजचं चिन्ह कोरलेली खुर्ची देणार. खुर्ची सुरेख आहे, देणगीदारांचे आभार. पण कोचच्या घरात खुर्च्या आहेत हो!

चाचणी गुरुवारी आहे. यादी उद्या बंद होते. मार्कीस तिसऱ्या रांगेत बसलाय. साहेब, आपल्याला वाटेल, त्याला उभं करून मोजावं. टेप माझ्या गळ्यात आहे, पण मी ती देणार नाही. मोजल्यावर कोणीही विश्वास ठेवतो. मला या माणसाच्या शब्दावर ठेवलेला हवा आहे. एकदाच.

कोच, खुणा करू नका, मी खाली बसणार नाही.

अध्यक्षांचे, स्वयंपाकघरातल्या बायकांचे, खुर्च्या मांडणाऱ्या पोरांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार मानते. पाहुण्यांना घरी बोलावून टोचून बोलले. रागाच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर वयाकडे पाहून पोटात घाला.

डेंकरसाहेब, आपल्या कोटाच्या आतल्या खिशात वही असते. हं, तीच. घाई नाही, आम्ही सगळे थांबतो. नाव, मार्कीस टॉलिव्हर. कॉलेज, प्लॅट बेंड. उंची... लिहा साहेब. पाच फूट. दहा इंच.

बस्स. आता पेन खाली ठेवा.